डांगच्या राजांना सालियाणा अजून का मिळतो?

प्रश्न: सुरसागर, बडोदा

नमस्कार मंडळी. आमचे पूर्वज गायकवाडांच्या चाकरीत देशावरून बडोद्याला आले आणि दांडिया बाजारातच रुजले. त्यामुळे घरात राजवाड्याच्या गोष्टी पुष्कळ. १९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९७१ मध्ये तनखेही गेले, हे लहानपणापासून ऐकत आले.

पण दरवर्षी होळीच्या तोंडावर दक्षिण गुजरातेतल्या डांग जिल्ह्यातून, आहव्याच्या डांग दरबाराची बातमी येते. गाढवी, लिंगा, दहेर, पिंपरी आणि वासुर्णा इथल्या पाच भिल्ल राजांची मिरवणूक निघते आणि सरकार त्यांना सालियाणा, म्हणजे वर्षाची ठरलेली रक्कम देतं. गायकवाड, शिंदे, होळकर सगळ्यांचे तनखे बंद झाले, मग यांचा कसा राहिला? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर यंदा एकाने लिहिलं, "आदिवासींचे फुकटचे लाड." मला ते फार लागलं, पण त्याला उत्तर द्यायला माहिती नव्हती. कुणी नीट सांगेल का?

रावपुरा

कायद्यापुरतं सांगतो. संस्थानिकांचे तनखे घटनेच्या कलम २९१ खाली होते. २६व्या घटनादुरुस्तीने ते कलमच रद्द झालं. डांगच्या राजांना मिळतं ते राजकीय पेन्शन. ते या कलमात कधी बसत नव्हतं, राज्य सरकार देतं. म्हणून टिकलं.

अंबिकाकाठ

ताई, मी नोकरीची बरीच वर्षं वघई-आहव्याकडे शाळामास्तर होतो, आता कारेलीबागेत असतो. ते "लाड" वाचून मलाही चीड आली. हे पैसे मुळात जंगलाचं भाडं आहे!

इंग्रजांना मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला साग हवा होता. डांगात तो उभा होता. १८४२ मध्ये त्यांनी भिल्ल राजांकडून ते जंगल पट्ट्याने घेतलं. राजांना वर्षाची रक्कम, आणि सागावर हक्क सरकारचा. तोवर तिथे जंगल "विकणं" म्हणजे काय, हे कुणाच्या ध्यानीमनी नसणार. माणसं फांद्या तोडून राब भाजायची, नागली पेरायची, जमीन थकली की पुढच्या माळावर जायची. मोह वेचायचा, शिकार करायची, कुणाला विचारायचं नाही. पट्ट्यावर अंगठा दिला म्हणजे हे सगळं थांबणार आहे असं त्यांना कुणी सांगितलं असेल, यावर माझा विश्वास नाही.

थांबायला लागलं ते हळूहळू. १८७८ चा जंगल कायदा झाला. पुढे डांगचं जंगल दोन भागांत वाटलं गेलं: एक राखीव, एक संरक्षित. राखीवमध्ये शेती बंद, तिथल्या वस्त्या उठवल्या. त्याच १८७८ मध्ये मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला आणि घरची मोहाची दारू गुन्हा ठरली. जंगल खात्याच्या शिपायाला कोंबडी, वेठ, पाटी उचलणं, हे सगळं आलंच. लोक गप्प बसले नाहीत. १९०७, १९११, १९१४ असे उठाव झाले, जंगलाला आगी लावल्या गेल्या. आमच्या पाठ्यपुस्तकात त्यातली एक ओळ नव्हती. मी वर्गात स्वतःहून सांगायचो, आणि पोरं मलाच पुढचं सांगायची, कारण त्यांनी ते आजीकडून ऐकलेलं असायचं.

सरकार बदललं, पट्टा तसाच चालत आला. ज्या जंगलाचं भाडं देतात, ते जंगल मात्र परत कधी मिळालं नाही. रक्कम पाहिलीत तर लाड म्हणायची कुणाची जीभ रेटणार नाही. राजांपैकी काहींची घरं मी पाहिली आहेत. गावातल्या इतर घरांसारखीच.

सुरसागर, बडोदा

काका, मनापासून धन्यवाद. एक विचारू? यात आमच्या गायकवाडांचा काही संबंध येतो का? घरी त्यांच्याबद्दल चांगलंच ऐकलंय.

अंबिकाकाठ

येतो ना. डांगच्या कडेची गावं गायकवाडी होती. भिल्ल सरदार त्या गावांतून गिरास, म्हणजे आपला ठरलेला वाटा घ्यायचे. तो आपला हक्क आहे असं ते मानत. इंग्रजांनी त्याला लूटमार ठरवलं, वसुली थांबवली आणि बदल्यात खजिन्यातून पैसे द्यायला सुरुवात केली. दरबारात वाटल्या जाणाऱ्या पैशात तोही धागा आहे. म्हणजे दऱ्याखोऱ्यांतली सत्ता आधी पैशात मोजून घेतली, मग जंगल घेतलं.

सयाजीरावांनी सोनगडला आदिवासी मुलांसाठी वसतिगृह काढलं, हे मोठंच काम. पण जंगलावर संस्थानालाही उत्पन्न हवंच होतं. दोन्ही खरं आहे, ताई.

डोंगरपाडा

मी आहव्याजवळचा, कोकणा आदिवासी. सध्या बडोद्यात सयाजीराव विद्यापीठात शिकतो. आमची बोली मराठीच्या जवळची आहे आणि नाशिककडे नातलग आहेत, म्हणून मराठीत लिहितो. काकांनी बरोबर सांगितलं, पण ते सगळं जुनं झालं असं कुणी समजू नये.

दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. बारडोली-सुरतेकडे ऊसतोड. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादम पावसाळ्यातच उचल देतो, घरात धान्य नसतं तेव्हा. मग शेताच्या कडेला पडावात राहायचं, लहान पोरं बरोबर. काकांच्या वर्गात दिवाळीनंतर बाकं का रिकामी पडायची, ते त्यांना माहीत आहे. माझा धाकटा भाऊ असाच सुटला शाळेतून. आपलं जंगल, आपली जमीन हातात असती तर कोण जाईल?

२००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा गावात खूप आशा होती. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून कसत असाल तर चार हेक्टरपर्यंत जमीन नावावर होऊ शकते. आमच्या घरी दावा भरला. अर्धी जमीन मंजूर, अर्धी नामंजूर, कारण लेखी दिलं नाही. कचेरीतला माणूस म्हणाला, उपग्रहाच्या फोटोत शेत दिसत नाही. अहो, नागलीचं डोंगरउतारावरचं शेत, बांधावर झाडं राखलेली, ते वरून दिसणार कसं? नियमात म्हाताऱ्या माणसांचा जबाब पुरावा धरतात आणि उपग्रहाचा फोटो इतर पुराव्याच्या जागी चालत नाही. हे मला बडोद्याला आल्यावर कळलं. गावात कुणी सांगितलं नव्हतं.

फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवायचा आदेश दिला. त्याच महिन्याच्या अखेरीस तो स्थगित झाला, पण त्या मधल्या दिवसांत माझी आजी जेवत नव्हती. मग पार-तापी-नर्मदा नदीजोड प्रकल्प. चिकार, दाबदार, केळवण ही तीन धरणं आमच्या डांगात. २०२२ मध्ये मोर्च्यांना आम्ही हजारोंनी गेलो. मे महिन्यात सरकारने प्रकल्प रद्द केल्याचं जाहीर केलं. गावात अजूनही लोक विचारतात, कागद कुठे आहे?

ताई, तुमच्या ग्रुपवरच्या त्या माणसाला एवढं सांगा. डांगची वस्ती २०११ च्या जनगणनेत सव्वादोन लाखांच्या वर, त्यात शंभरात नव्वदहून जास्त आदिवासी. सालियाणा मिळतो तो पाच राजांना आणि त्यांच्या नाईक-भाऊबंदांना. बाकी आम्हाला त्या भाड्यातला पैसाही येत नाही.

आणि अंबिकाकाठ काका, तुम्ही वघईला कोणत्या शाळेत होतात? माझे वडील तिथेच शिकले. आजीला १९१४ च्या गोष्टी येतात, तिचा आवाज मी मोबाईलवर घेतोय. तुम्ही पोरांकडून जे ऐकलंत ते लिहून ठेवलं असेल तर मला हवंय.

अंबिकाकाठ

वही आहे. रविवारी कारेलीबागेत ये, सोबतच वाचू. नामंजुरीचा कागदही घेऊन ये. कारण लेखी न देता दावा फेटाळता येत नाही, त्यावर अपील कसं करायचं ते रावपुरावाल्यांना विचारू.