‘फुजियामा मामा’तला मामा मराठीत कसा लिहायचा?

देवगडकर
अमेरिकन गायिका वांडा जॅक्सनच्या ‘फुजियामा मामा’ या गाण्यावर आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहिलाय. मुद्रितं तपासून आली, तर सगळीकडे ‘मामी’! बाई गातेय म्हणजे मामा चुकीचाच, असं तपासणाऱ्यांना वाटलं असणार.

बाबा मालवाहू जहाजावर होते. योकोहामाहून त्यांनी ही छोटी रेकॉर्ड आणली. मधलं भोक रुपयापेक्षा मोठं, त्यात पिवळी चकती बसवल्याशिवाय फिरायची नाही. इंग्रजी कुणालाच येत नव्हतं, ‘मामा’ तेवढा कळायचा. आईच्या धाकट्या भावाला घरात आजही फुजीमामा म्हणतात. पण गाण्यातली मामा म्हणजे स्वतःची ताकद ओळखून असलेली बाई. मी ज्वालामुखी आहे, एकदा फुटले की आवरणार नाही, असं ती सांगते. उद्या दुरुस्त्या द्यायच्या आहेत. काय लिहू?

समईची वात
‘फुजी पर्वताची नायिका’ लिहा. परक्या भाषेतला शब्द आपल्या नात्याच्या शब्दासारखा दिसत असेल, तर तो तसाच ठेवणं म्हणजे वाचकाला चकवणं. ‘मामा’ला मराठीत आधीच काय कमी ओझं आहे? आईचा भाऊ आहे, चांदोमामा आहे, नाक्यावरचा हवालदार आहे, शिवाय कुणाचा ‘मामा बनवणं’ आहेच.

ढोलकीचा ताल
नायिका? ती बाई गुरकावत गाते, प्रत्येक ओळीच्या शेवटी आवाज मुद्दाम खरवडते. तिला ‘नायिका’ म्हणणं म्हणजे फडावरच्या बाईला शाल पांघरून बसवणं. आपल्याकडे लावणीतला ‘नार’ शब्द आहे ना? ‘फुजियामाची नार’. त्यात ठसका आहे आणि बाई स्वतःच स्वतःला तसं म्हणवू शकते.

शाल म्हटलं म्हणून आठवलं. नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या अमेरिकन कंट्री संगीताच्या कार्यक्रमात वांडाला खांदे उघडे ठेवून गाऊ दिलं नव्हतं, वरून जाकीट घालायला लावलं. ते कपडे तिच्या आईने शिवलेले असायचे.

समईची वात
‘नार’ मला कधीच परका नव्हता, पण नार म्हटली की तिच्याकडे बघणारा पुरुष येतो. ‘नायिका’ मागे घेते. ‘बाई’ लिहा, ‘फुजियामाची बाई’.

पूर्वेचा वारा
नऊ वर्षं ओसाकात राहतोय. ‘फुजी पर्वत’ की ‘फुजियामा’ यावरही बोला. ‘यामा’ म्हणजे डोंगर, म्हणून ‘फुजियामा पर्वत’ लिहू नका. इथे कुणी फुजियामा म्हणत नाही, फुजिसान म्हणतात. हा ‘सान’ माणसांच्या नावापुढचा आदरार्थी नव्हे. डोंगराच्या त्याच अक्षराचं ते दुसरं वाचन. 3776 मीटरचा हा डोंगर शेवटचा फुटला तो 1707 मध्ये.

एक गोष्ट मात्र मला अजून पचत नाही. हिरोशिमा-नागासाकीचं जे केलं ते तुझंही करीन, असं त्या गाण्यात आहे. आणि 1958 मध्ये ते जपानातच पहिल्या क्रमांकावर गेलं! 1959 मध्ये ती इथे दौऱ्यावर आली, तेव्हा गर्दी लोटली होती. शब्दांपेक्षा नाद आधी पोचतो, हे मला यावरूनच पटलं. ‘यामा-मामा’ तोडू नका.

ओसरी
‘यामा’ आणि आपला ‘यम’ यांचा संबंध असेल का? दोन्हीकडे न हलणारं, अटळ असं काहीतरी आहे.

पूर्वेचा वारा
नाही हो. यमदेव बौद्ध धर्माबरोबर जपानात पोचला, पण त्याचं तिथलं नाव ‘एन्मा’. डोंगराचा ‘यामा’ अस्सल जपानी.

ओसरी
बरं. मग ‘सह्याद्री पर्वत’ला काय म्हणाल? ‘अद्रि’ म्हणजे पर्वतच. विंध्याचलाचंही तेच. शाळेत तसंच शिकलो. लोक बोलतात तीच भाषा, ‘फुजियामा पर्वत’ही चालेल.

ढोलकीचा ताल
मूळ ‘मामा’कडे या. हे गाणं आधी ॲनिस्टीन ॲलन या कृष्णवर्णीय गायिकेचं, 1955 मध्ये रेकॉर्ड निघालेलं. ‘मामा’ हा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, गाणाऱ्या बायकांचा शब्द, त्यात आई, प्रेयसी आणि कुणाला न जुमानणारी बाई तिन्ही आहेत. वांडाने तो रॉकाबिली या संगीतप्रकारात आणला. गायक एल्व्हिस प्रेस्लीबरोबर 1955 मध्ये दौरे केले तेव्हा त्यानेच तिला हा बाज धरायला सांगितलं होतं.

देवगडकर
लेखात रॉकाबिलीची फोड दिलीय, रॉक अधिक हिलबिली. हिलबिलीसाठी ‘घाटी संगीत’ लिहिलंय. डोंगराकडची माणसं, शहरवाल्यांनी हिणवून ठेवलेलं नाव. अगदी चपखल बसतं.

घाटमाथा
बसतं म्हणूनच खटकतं. वडील साताऱ्याहून गिरणीत आले. खोलीत अकरा माणसं, पाळीपाळीने झोपायची. ‘ए घाटी’ ही हाक त्यांनी तीस वर्षं ऐकली आणि घरी येऊन आम्हाला सांगायचे, आपण घाटावरचे. ‘घाटी’ दुसऱ्याच्या तोंडचा शब्द आहे, ‘घाटावरचे’ आपला. देवगडच्या माणसाने तर तो जपून वापरावा.

देवगडकर
मान्य. माझ्याही घरात तो शब्द कसा वापरला जायचा ते आठवलं. पण ‘घाटावरचं संगीत’ लिहिलं तर त्यातला डंख जातो, आणि ती मंडळी तोच डंख अभिमानाने मिरवत होती.

घाटमाथा
त्यांनी स्वतः मिरवला. त्यांच्यासाठी तुम्ही मिरवू नका.

समईची वात
‘पहाडी’ लिहा की. शाहिराचा पहाडी आवाज म्हणतोच ना आपण. तो शब्द गौरवाचाच आहे.

ओसरी
संभाजीनगरला घाटी म्हणजे सरकारी दवाखाना. ‘पेशंटला घाटीत नेलं’ असंच म्हणतात, त्यात हिणवणं औषधालाही नाही. माझा जन्म घाटीतलाच. हे नाव तिथे कुठून आलं असेल?