टायगर वूड्स जिंकला आणि आमच्या घरी अबोला सुरू झाला, कोणाचं बरोबर?

ठाणेकरीण | १६ एप्रिल २०१९

मंडळी, आधीच सांगते, मला गोल्फमधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. आमचे बाबा बँकेतून रिटायर झालेत, आयुष्यात गोल्फची स्टिक हातात धरलेली नाही, पण १९९७ साली टायगर वूड्स पहिल्यांदा मास्टर्स ही गोल्फची मोठी स्पर्धा जिंकला तेव्हापासून त्याचे भक्त. एरवी मास्टर्सचा शेवटचा दिवस म्हणजे आमच्याकडे पहाटेपर्यंत जागरण. या वेळी तिकडे वादळाचा अंदाज होता म्हणून सकाळीच खेळायला घेतलं आणि आपल्याकडे रविवारी संध्याकाळी सात ते रात्री बारा असं ते चाललं. खाली आंबेडकर जयंतीची मिरवणूक, डीजे, खिडकीच्या काचा थरथरतायत, आणि बाबा खुर्चीच्या टोकावर बसून टीव्हीकडे असे बघतायत की रिमोट मागायची माझी हिंमत नाही. बाराच्या सुमारास तो जिंकला, पोराला मिठी मारली आणि बाबांनी चष्मा काढून बनियनला पुसला. बाबांना रडताना मी आजी गेली तेव्हा पाहिलं होतं, त्यानंतर थेट आता.

सोमवारी पोहे वाढताना आई म्हणाली, बायकोला इतकं फसवलेल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी, आणि माझ्या बहिणीच्या नवऱ्याचं एक प्रकरण झालं तर त्याला दहा वर्षं आपला उंबरठा ओलांडू दिला नाहीत!

झालं. तेव्हापासून दोघं माझ्यामार्फत बोलतायत. "तुझ्या बाबांना सांग दूध संपलंय."

तर प्रश्न असा की हे जिंकणं खरंच एवढं मोठं आहे का, की नाव मोठं म्हणून गाजावाजा? आणि आईचं म्हणणं चुकीचं आहे का? मला दोघांचंही पटतंय आणि मधल्या मधे माझं सँडविच झालंय.

बोगीबहाद्दर

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा, मीही रविवारी त्याच अवस्थेत होतो, फक्त माझी बायको झोपली होती म्हणून वाचलो.

मोठं आहे का? तर बघा. याआधीचं त्याचं शेवटचं मेजर (मास्टर्ससारख्या गोल्फच्या चार मोठ्या स्पर्धांपैकी एक) म्हणजे २००८ चं यूएस ओपन, तेही पायाचं हाड चिरलेलं आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलेलं असताना ९१ होल खेळून जिंकलेलं. त्यानंतर अकरा वर्षं मेजर नाही. मधे पाठीची चार ऑपरेशनं. २०१७ च्या मास्टर्सला तो खेळायला नव्हताच, माजी विजेत्यांच्या जेवणाला गेला होता आणि तिथे बसता यावं म्हणून इंजेक्शन घ्यावं लागलं होतं. त्याच वर्षअखेरीला जागतिक क्रमवारीत ११९९ वा. एक हजार एकशे नव्व्याण्णव! तिथून सोळा-सतरा महिन्यांत मास्टर्सच्या विजेत्याला मिळणारं हिरवं जॅकेट, वय ४३. मास्टर्स यापेक्षा जास्त वयात फक्त जॅक निकलस जिंकलाय, १९८६ ला, ४६ व्या वर्षी.

आणि एक गोष्ट पेपरवाल्यांनी कोपऱ्यात टाकली, माझ्या मते तीच मोठी. त्याची आधीची सगळीच्या सगळी १४ मेजर्स तो शेवटच्या दिवशी पहिल्या नंबरावरून सुरुवात करून जिंकलेला, कधी एकटा तर कधी बरोबरीत, पण पुढेच. मागून येऊन हे पहिलंच. या वेळी मोलिनारी दोन शॉटनी पुढे होता, आणि हा मोलिनारी म्हणजे गेल्या वर्षी ब्रिटिश ओपनला शेवटच्या दिवशी टायगरच्याच जोडीला खेळून शांतपणे ट्रॉफी घेऊन गेलेला इटालियन, चेहऱ्यावरची माशी न उडणारा माणूस. पहिल्या तीन दिवसांत मिळून त्याची एकच बोगी (होलला ठरलेल्यापेक्षा एक शॉट जास्त) होती.

आता बाराव्या होलबद्दल सांगतो, बाबांना विचारा, ते तासभर बोलतील. जेमतेम दीडशे यार्डांचा होल, समोर ओढा, त्यापलीकडे पोळीसारखं लांबट चपटं ग्रीन (होलभोवतीची गुळगुळीत हिरवळ), आणि झाडांमुळे वारा असा फिरतो की इथे झेंडा एकीकडे हलतो आणि तिथे पानं दुसरीकडे. होलमधली झेंड्याची खूंटी उजव्या कोपऱ्यात होती. सगळे त्या खूंटीच्या मोहात पडले. मोलिनारीचा बॉल काठावर पडून मागे घरंगळत पाण्यात. टायगरने खूंटीकडे बघितलंसुद्धा नाही, डावीकडे बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) वरून ग्रीनच्या मधोमध मारला, लांबून दोन पटमध्ये (ग्रीनवरच्या हलक्या शॉटमध्ये) पार, म्हणजे ठरलेल्या शॉटमध्येच. कंटाळवाणा शॉट, बघणाऱ्याला वाटेल यात काय. पण मोलिनारीचा डबल बोगी आणि याचा पार, म्हणजे दोन शॉटचा फरक तिथल्या तिथे साफ. त्याने मॅच तिथे जिंकली, सोळाव्यावर बॉल होलशेजारून घरंगळत गेला तो नुसता शृंगार.

शंकासुर

बोगीबहाद्दर, छान लिहिलंय पण तुमच्याच लिखाणातून निघतंय ना की दुसऱ्यांनी घालवलं आणि याला मिळालं? शेवटच्या दोन ग्रुपमधल्या सहा जणांपैकी चार जणांनी त्या बाराव्यावर पाण्यात मारला, मोलिनारीने पंधराव्यावर झाडाच्या फांदीला लावून परत पाण्यात, आणि टायगरने शेवटच्या होलला बोगी केली तरी एका शॉटने जिंकला. आमच्या गल्ली क्रिकेटमध्ये याला "समोरच्याने कॅच सोडला" म्हणतात.

शिवाय मुळात चालत चालत खेळायचा खेळ, मधेच केळं खायचं, बॅग दुसऱ्याने उचलायची. ४३ व्या वर्षी कसलं कौतुक? फेडरर २०१७ ला सहा महिने बाहेर बसून ३५ व्या वर्षी नदालला पाच सेटमध्ये हरवतो, त्याला म्हणतात कमबॅक. वर बक्षीस २० लाख डॉलरच्या वर, म्हणजे १४ कोटी. एवढ्यात मी पण रडलो असतो.

कण्हता मणका

शंकासुर, या, तुम्हाला माझा बेल्ट देतो.

माझं कमरेतल्या एल४-एल५ मणक्यांचं फ्यूजन दीड वर्षापूर्वी झालं. टायगरचं एल५-एस१, एप्रिल २०१७ मध्ये, चौथं ऑपरेशन. सगळ्यात खालची गादी झिजून गेलेली, ती पोटाच्या बाजूने जाऊन काढतात, मधे आधार घालतात आणि दोन मणके एकमेकांना कायमचे जोडून टाकतात. दुखणं थांबतं पण तिथली हालचाल संपते, मग तो ताण वरचे मणके आणि कंबर उचलतात. आता माझी आजची स्थिती सांगतो. मोजे बायको घालते. स्कूटरवर गतिरोधक आला की मी आधी देवाचं नाव घेतो. सुनबाईंनी जमिनीवर पडलेला चमचा उचलायला सांगितला तर मी फोन आल्यासारखं करतो. आणि हा माणूस तेच कंबरडं पूर्ण पिळून ताशी शंभर-सव्वाशे मैलांनी काठी फिरवतो, चार दिवस, दिवसाला सत्तरएक वेळा (पट आणि चिप असे हलके शॉट सोडा, तरी तीस-पस्तीस वेळा पूर्ण ताकदीने). शुक्रवारी तर ओल्या गवतावर घसरून एक सिक्युरिटीवाला त्याच्या पायातच आला, मी घरी बसून ओरडलो. त्याने लंगडत दोन पावलं टाकली आणि त्याच होलला बर्डी (ठरलेल्यापेक्षा एक शॉट कमी) मारली.

केळं काय, अख्खा घड खाऊ दे त्याला.

मीठभाकर

मी आईच्या बाजूने. आणि मी टायगरची फॅन होते हे आधी नमूद करते, म्हणजे "तुम्हाला गोल्फ कळत नाही" हा बाण कोणी सोडू नये.

२००९ च्या नोव्हेंबरात घराबाहेर गाडी ठोकली, मग एकामागून एक प्रकरणं बाहेर आली, २०१० मध्ये घटस्फोट. ते नवरा-बायकोचं, आपण न्यायाधीश नाही, सोडून देऊ. पण २०१७ च्या मे महिन्यात फ्लोरिडात पहाटे रस्त्यावर गाडी चालू आणि हा स्टिअरिंगवर झोपलेला सापडला. दारू नव्हती, वेदनाशामक आणि झोपेच्या गोळ्यांची मिसळ होती. नशीब कोणी समोर नव्हतं. तो पोलिसांनी काढलेला त्याचा फोटो आठवतोय ना सगळ्यांना? तो फोटो आणि हिरव्या जॅकेटचा फोटो शेजारी शेजारी ठेवून परवापासून जे फॉरवर्ड फिरतायत, "खचू नका, बघा टायगर", ते मला डोक्यात जातात. पाठीचं दुखणं हे संकट, ते त्याच्यावर आलं. बाकीचं त्याने केलं. दोन्हीची एकत्र भेळ करून वर जिंकण्याची शेव भुरभुरली की झाला नायक.

२०१३ आठवा. तो परत पहिल्या नंबरावर आला तेव्हा नायकेने त्याच्या फोटोवर जाहिरात केली होती, जिंकलं की सगळं निस्तरतं अशा अर्थाची. तेव्हा केवढी बोंब झाली होती. आणि या रविवारी तेच वाक्य कोणी लिहिलं नाही, पण सगळ्यांनी तेच मानलं. मोलिनारीचा बॉल दोन हात पुढे पडला असता तर टायगर दुसरा-तिसरा आला असता, तोच माणूस, तेच प्रायश्चित्त, तीच पाठ. मग आज तो चांगला माणूस ठरला असता का नसता?

ठाणेकरीणताई, आईचा मुद्दा टायगरचा नाहीच आहे असं मला वाटतं. मावशीच्या नवऱ्याला गोल्फ येत नव्हतं हा त्याचा गुन्हा!

बोगीबहाद्दर

@मीठभाकर, भेळेचं पटलं, लाजिरवाणं आहे पण पटलं. माझ्याही स्टेटसला कालपासून तोच फॉरवर्ड आहे, काढतो.

@शंकासुर, कॅच सोडला हे कबूल, पण कॅच सुटेपर्यंत क्रीजवर उभं राहावं लागतं. बाराव्यावर त्याने फक्त एवढंच केलं, पाण्यात मारला नाही. कठीण होतं म्हणून तर चौघांनी मारला ना.

जॉर्जियातला जोशी

उशिरा येतोय. मी अटलांटाजवळ राहतो, मास्टर्स जिथे होते ते ऑगस्टा इथून दोन-सव्वादोन तास. रविवारचं तिकीट आपल्या बापजन्मात मिळणार नाही, पण सरावाच्या दिवसांची लॉटरी असते, त्यात या वर्षी सोमवारचं लागलं.

काही गोष्टी टीव्हीवर कळतच नाहीत. तो कोर्स सपाट दिसतो ना, साफ खोटं, अठरावा होल म्हणजे पर्वती चढल्यासारखं आहे, मी पंचेचाळिशीचा, रोज चालणारा, तरी धाप लागली. मोबाईल आत नेता येत नाही, सापडला तर बाहेर. फोन करायचा तर त्यांनी भिंतीवर लावलेले जुने फोन आहेत, रांगेत उभं राहायचं, आणि बायकोचा नंबर पाठ नाही हे मला तिथे कळलं. सँडविच मात्र दीड डॉलरला, अमेरिकेत कुठल्याही स्टेडियममध्ये एवढ्यात पाणी येत नाही.

मोबाईल नसल्यामुळेच ते रविवारचे फोटो वेगळे दिसतात बघा, सोळाव्या होलमागची गर्दी, एकाच्याही हातात फोन नाही, सगळे तोंड उघडे टाकून बॉलकडे बघतायत.

इथल्या प्रतिक्रिया विचाराल तर माझ्या ऑफिसात सरळ दोन तट. माझी एक सहकारी म्हणाली की तिने २००९ ला त्याची टोपी कचऱ्यात टाकली होती, आणि रविवारी ती शेवटचे चार होल किचनमध्ये उभी राहून बघत होती, बसून बघितलं तर माफ केल्यासारखं होईल म्हणून :)

बॅगवाला

मी सहसा वाचूनच जातो, आज लिहितो. चूकभूल माफ करा, टायपिंग सावकाश आहे.

मी पुण्याचा. शाळा सुटल्यावर एका क्लबात बॅग उचलायचो, आधी हरवलेले बॉल शोधायला, मग कॅडी. नव्वदचं दशक. वरचे शंकासुरभाऊ म्हणाले बॅग दुसऱ्याने उचलायची, तो दुसरा मी. आम्हाला सोमवारी क्लब बंद असताना खेळू द्यायचे, तुटक्या स्टिका आणि सापडलेले बॉल. १९९७ ला टायगर जिंकला तेव्हा कॅडी शेडमध्ये कोणीतरी पेपरातला फोटो पत्र्याला चिकटवला होता. आम्हाला त्याचं नावही नीट येत नव्हतं, पण रंग दिसत होता.

त्या ऑगस्टा क्लबात १९८२ पर्यंत खेळाडूला स्वतःचा कॅडी आणायची परवानगी नव्हती, क्लबचाच घ्यावा लागायचा, आणि ते सगळे काळे. काळा माणूस तिथे मास्टर्स खेळायला पहिल्यांदा उतरला तो १९७५ ला, ली एल्डर. काळा मेंबर १९९० ला. बाई मेंबर तर २०१२ ला. टायगर १९९७ ला जिंकला तेव्हा तो एल्डर मुद्दाम तिथे बघायला आला होता. म्हणून ताईंनी जयंतीच्या मिरवणुकीचं लिहिलं ते वाचून मी थांबलो. आमच्या घरासमोरून पण तेव्हाच मिरवणूक जात होती. मी एक डोळा खाली, एक डोळा टीव्हीवर.

ताई, तुमच्या आई चुकीच्या नाहीत. माझी बायको पण हेच बोलली. पण तो फोटो मी पत्र्यावरून काढून आणलेला आहे, पिवळा पडलाय, तो मी २००९ ला पण फेकला नाही आणि परवा पण फ्रेम केला नाही. पेटीत आहे, राहू दे.

आता मी एका ड्रायव्हिंग रेंजवर (गोल्फच्या सरावाच्या मैदानावर) मुलांना शिकवतो. वडिलांना एकदा घेऊन या पुण्याला. सकाळी साडेसहाला या, ऊन चढायच्या आत. बादलीभर बॉल माझ्याकडून.

ठाणेकरीण

बापरे, एवढे प्रतिसाद! बॅगवाला दादा, तुमचा प्रतिसाद दोघांनाही मोठ्याने वाचून दाखवला.

अपडेट: आईने काल रात्री स्वतःहून "ते बारावं काय ते लाव" म्हणून फोनवर क्लिप बघितली, दोनदा. टायगरबद्दल एकच शेरा, म्हणे एवढा मोठा माणूस आणि सारखा च्युइंग गम काय चघळतो, गुरासारखा. तिला मोलिनारी आवडला. दोनदा पाण्यात घालवूनसुद्धा आदळआपट नाही, टोपी काढून हात मिळवला, "याच्या आईने वळण लावलंय" म्हणे. बाबांनी लगेच त्याची इटलीपासूनची सगळी कुंडली सांगायला सुरुवात केली आणि ती ऐकत होती, म्हणजे अबोला अर्धा सुटलाय. मावशीच्या नवऱ्याचा विषय निघाला नाही. मी काढणारही नाही.

दादा, पुण्याचं बाबांना विचारलं. ते म्हणाले गुडघा दुखतो, आता कुठे या वयात, लोक हसतील. आई स्वयंपाकघरातून विचारतेय, साडेसहा म्हणजे ठाण्याहून किती वाजता निघायचं आणि तिथे बायकांना सोडतात का.