तीन महिन्यांची सुई आपली आपणच घेऊ द्यावी का? ठाणे-नवी मुंबईच्या बायकांनो बोला

दिघ्याची_रेखा
मी महापेला पॅकिंगमध्ये आहे, राहते दिघ्यात. दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी नको होती म्हणून अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सुरू केलं, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, दर तीन महिन्यांनी एक सुई. टोचण्याचं काही नाही हो, जाण्याचा त्रास आहे. ओपीडी सकाळची, म्हणजे अर्ध्या दिवसाचा खाडा, आणि गेलं की कधी सिस्टर लसीकरणाला बाहेर, कधी स्टॉकच नाही, वरून रांगेत सगळ्यांच्या देखत "नवऱ्याला माहितीये का?" याच औषधाचं कातडीखाली घ्यायचं इंजेक्शन निघालंय, सायाना प्रेस. दंडातल्या सुईत 150 मिग्रॅ असतं, यात 104, सुई छोटी, औषध आधीच भरलेलं, पोटावर नाहीतर मांडीवर बाई स्वतः घेऊ शकते. ब्रिटनमध्ये 2015 पासून घरी घ्यायला परवानगी आहे, डब्ल्यूएचओने 2019 ला सांगितलं की बायकांना हा पर्याय द्या. आपल्याकडे सरकारने हे काही निवडक जिल्ह्यांत आणलंय पण टोचायचं काम सिस्टर-डॉक्टरकडेच. माझं म्हणणं, पहिली सुई सिस्टरसमोर शिकून घेऊ, पुढच्या घरी द्या, म्हणजे गुपचूप घेता येतील. माझी सासू रोज इन्सुलिन स्वतः टोचते, तिला कोणी अडवत नाही, मग मला का?

वसुधाताई_नौपाडा
रेखा, तुझा खाडा मला कळतो, तरी माझा विरोध आहे. आम्ही स्त्रियांच्या चळवळीत होतो तेव्हा हैदराबादजवळच्या एका आरोग्य केंद्रात बायकांना हे प्रयोगातलं औषध आहे हे धड न सांगता नेट-एन या दुसऱ्या गर्भनिरोधकाच्या सुया देत होते, त्यावरून स्त्री शक्ती संघटना 1986 ला सुप्रीम कोर्टात गेली. तुझ्या अंतरामधलं औषध 1993 ला खाजगीत आलं आणि सरकारी दवाखान्यात यायला 2017 उजाडलं, मधली सगळी वर्षं बायका भांडल्या म्हणून. गोळी सोसली नाही तर उद्यापासून बंद करता येते, ही सुई एकदा आत गेली की तीन महिने काढता येत नाही. हाडं ठिसूळ होण्याबद्दल अमेरिकेत 2004 ला या औषधावर सगळ्यात कडक इशारा छापायला लावला. आणि सुई घरी दिली की बीपी कोण बघणार, अंगावरून जातंय ते कोण ऐकणार? व्यवस्था हात झटकून मोकळी होईल, दोष तुझ्यावर.

दिघ्याची_रेखा
ताई, आत्ता तरी कोण ऐकतंय? मलावीमध्ये अभ्यास झालाय, स्वतः सुई घेणाऱ्यांपैकी 73 टक्के बायका वर्षभराने चालू होत्या आणि दवाखान्यात जाऊन घेणाऱ्यांपैकी 45. बायकांना जमतं, हे दिसतंय ना.

वसुधाताई_नौपाडा
चालू होत्या म्हणजे बऱ्या होत्या असं नाही गं. घरी सुया दिल्यात म्हणून घेतच राहिली, त्रास सांगायला माणूस नाही, तीही त्या 73 टक्क्यांतच मोजली जाणार.

कोपरखैरणे_निशा
मी अंतरा सोडलं. सुरुवातीचे महिने सतत डाग, मग पाळीच गेली, मला वाटलं दिवस राहिले, रात्र रात्र झोप नाही. नंतर कळलं की पाळी बंद होणं यात नेहमीचंच आहे, वर्षभरात जवळजवळ निम्म्या बायकांची होते. हे आधी एक वाक्य सांगितलं असतं तर? आणि रेखा, तू जे म्हणतेस ना गुपचूप घेता येईल, ते आमच्याकडे उलटं आहे. एका खोलीत पाच माणसं, कपाट सासूच्या हातात, सुई ठेवू कुठे आणि वापरलेली टाकू कुठे? दवाखान्यातून हात हलवत घरी येता येतं, कोणाला काही सापडत नाही.

प्रसाद_घोडबंदर
पण मुळात नवऱ्याला न सांगता घ्यायची सोय कशाला? निर्णय दोघांचा पाहिजे.

दिघ्याची_रेखा
दोघांचा निर्णय म्हणता, मग ऑपरेशन एकटीचंच का होतं? 2019-21 च्या कौटुंबिक आरोग्य पाहणीत बायकांची नसबंदी 37.9 टक्के, पुरुषांची 0.3. आमच्या चाळीत तर पुरुषाची एकही ऐकली नाही. सांगायचं की नाही ते ज्या बाईला त्या घरात राहायचंय तिला ठरवू दे.

सिस्टर_वागळे
नवऱ्याची सही लागत नाही, ते आधी डोक्यातून काढा, आणि रांगेत असलं विचारणारी सिस्टर असेल तर ती चुकतेय. आता सुईचं सांगते. अवघड नाही पण नीट शिकवावं लागतं. अर्धा मिनिट जोरात हलवायचं, मग टोपण घट्ट आत दाबायचं, मधली फट पूर्ण बंद होईपर्यंत, नाहीतर औषध येतच नाही. कातडी चिमटीत धरून सुई आत, औषधाचा फुगा हळू दाबायचा, पाच ते सात सेकंद, आणि नंतर चोळायचं नाही. एकदा बघून बहुतेकींना जमेल, घाबरणारीला दोनदा दाखवू. मला काळजी कचऱ्याची आहे. वापरलेली सुई झाकणाच्या जाड डब्यात ठेवून केंद्रात परत आलीच पाहिजे, घंटागाडीत गेली तर कचरा वेगळा करणाऱ्या बायकांच्या हाताला लागणार, त्यांचा काय गुन्हा? डबे परत घ्यायची सोय होईपर्यंत मी तरी घरी देणार नाही.

वसुधाताई_नौपाडा
मग त्यापेक्षा संध्याकाळची ओपीडी मागा ना! कामावरून सुटलेल्या बाईला सातपर्यंत सिस्टर भेटली तर निम्मं भांडण इथेच मिटतं. निशासारखीला विचारायला माणूसही मिळेल. यासाठी निवेदन द्या, पहिली सही माझी.

दिघ्याची_रेखा
निवेदन देऊ, मी पण येते. पण ओव्हरटाईम लागला की मला ऐरोली नाक्यावरच आठ वाजतात, सात वाजताची ओपीडी मला काय कामाची? निशाला दवाखाना सोयीचा आहे तर तिने तिथे जावं, मला घरी पाहिजे तर मला द्यावी, डबा परत आणून देईन. बीपी दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगा, दाखवेन. एकीला नको म्हणून दुसरीलाही नाही, हे मला पटत नाही.

कोपरखैरणे_निशा
सिस्टर, माझ्या बहिणीची तारीख मागच्या आठवड्यात गेली, गावाला होती. आता पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

सिस्टर_वागळे
नाही, तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत घेता येते, उद्याच पाठव, येताना अंतराचं कार्ड आण म्हणावं. आणि पुढे मूल हवं असेल तर आत्ताच सांगून ठेव, शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला सरासरी सात ते दहा महिने जातात, तेव्हा घरच्यांचं बोलणं ऐकून घाबरायला नको.