ईएसआयवर बेंझोपायरीनचा पीकच येत नाही, एपीसीआय प्रोब लावून बघू का?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.चं डिझर्टेशन अडकलंय, मदत हवी आहे.

पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे येऊन पडतात, हे इथल्यांना सांगायला नको. तळपायाला चिकटले की खोबरेल लावून घासत बसायचं. त्यातले पॉलीअरोमॅटिक हायड्रोकार्बन (पीएएच, म्हणजे कार्बन-हायड्रोजनच्या जोडलेल्या कड्यांचे रेणू; बेंझोपायरीन त्यातलंच एक) तिसऱ्या शिंपल्यांमध्ये किती उतरतात, हा माझा विषय. म्हापशाच्या बाजारातून वाट्याने तिसऱ्या आणते, फोडते, मांस अल्कोहोलमधल्या केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) उकळून चरबी मोडते, मग हेक्झेनमध्ये काढून सिलिकावरून साफ करते. (लॅबमधले रोज विचारतात, सुकं कधी करतेस. हेक्झेनचा वास घ्या म्हणावं.)

गाडी अडते ती एलसी-एमएसवर (कॉलमवर रेणू वेगळे करून, त्यांना भार देऊन वजनावरून ओळखणारं यंत्र). मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारं द्रावण) पाणी-अॅसिटोनायट्राइल, त्यात ०.१ टक्का फॉर्मिक अॅसिड, प्रवाह मिनिटाला ०.३ मिली, ईएसआय (इलेक्ट्रोस्प्रे, म्हणजे विजेच्या दाबाने फवारून भारित थेंब करणं) पॉझिटिव्ह. १ पीपीएमचं बेंझो(ए)पायरीन स्टँडर्ड सोडलं तरी २५३ला (त्याचं वजन २५२, अधिक एक प्रोटॉन) सपाट रेघ. त्याच लाइनवरच्या यूव्ही डिटेक्टरवर मात्र २५४ नॅनोमीटरला सुरेख पीक येतो, म्हणजे कॉलम आणि इंजेक्शन ठीक आहे. एमएसवर दिसतो तो फक्त ३९१चा ढिगारा. कोन व्होल्टेज, गॅस, तापमान सगळं फिरवून झालं, दोन आठवडे गेले. कपाटात एपीसीआयचा (वाफ करून मग भार देण्याची दुसरी पद्धत) प्रोब पडून आहे, पण गाइड म्हणतात आधी ईएसआयच नीट कर. एक सीनियर म्हणतो एपीपीआयचा (प्रकाशाने भार देण्याची पद्धत) दिवा मागव, त्याला पैसे नाहीत. काय करू?

प्रतिसाद १

ताई, दोन आठवडे उगाच घालवलेस, मशीनचा दोष नाही. ईएसआय मुख्यतः द्रावणात ज्याने आधीच भार घेतलाय अशा रेणूला थेंबातून बाहेर काढतं. बेंझोपायरीन म्हणजे पाच कड्यांची नुसती कार्बन-हायड्रोजनची जाळी. प्रोटॉन धरायला ना नायट्रोजन, ना ऑक्सिजन. फॉर्मिक अॅसिड कितीही ओत, तो काही घेणार नाही. ईएसआयवाल्या जॉन फेन यांना २००२चं नोबेल मिळालं ते प्रोटीनसारखे अवजड रेणू न मोडता उडवल्याबद्दल. तुझा रेणू त्या जातीचा नव्हे.

एपीसीआयमध्ये आधी सगळ्याची वाफ होते, मग कोरोनाच्या (हवेत वीज सोडणाऱ्या) सुईपाशी भार चढतो, आणि तिथे इलेक्ट्रॉन गमावूनही आयन होतो, त्याचं वजन २५२च राहतं. म्हणून २५३सोबत २५२ही स्कॅनमध्ये ठेव. प्रवाह ०.८पर्यंत वाढव, त्याला ते मानवतं. एपीपीआय यासाठी अजून सरस, हे खरं: दिव्याचे फोटॉन १० इलेक्ट्रॉनव्होल्टचे, पाणी आणि अॅसिटोनायट्राइल त्यांना दाद देत नाहीत, पण डोपंट (भार पुढे देणारा मदतनीस) म्हणून घातलेलं टोल्युइन देतं आणि भार पुढे पोचवतं. पण कपाटात प्रोब असताना कर्ज कशाला?

आणि ३९१ हे प्लास्टिकचं थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारं रसायन, ट्यूबमधून झिरपतं). ट्यूब सोड, काच वापर.

प्रतिसाद २

मुळात एमएस का? युरोपात ताज्या शिंपल्यांसाठी चार संयुगांवर मर्यादा आहे, एकट्या बेंझो(ए)पायरीनची किलोला ५ मायक्रोग्रॅम. त्यातली क्रायसीन आणि बेंझ(ए)अँथ्रासीन दोन्ही २२८ची, बेंझो(बी)फ्लोरँथीन आणि बेंझो(ए)पायरीन दोन्ही २५२ची. चारांची वजनं दोनच! वजनावरून ओळखणार कशी? कॉलमवर वेगळी करावीच लागणार, मग फ्लोरेसन्स डिटेक्टर काय वाईट? स्वस्त, आणि या रेणूंसाठी भलताच संवेदनशील.

मूळ धागाकर्ती

धन्यवाद, सर! गाइडना प्रतिसाद १ वाचून दाखवला, हसले आणि 'लाव' म्हणाले. काल प्रोब लावला, वाफेचं तापमान ४०० अंश. २५२ला पीक आला, २५३ला थोडा कमी. फ्लोरेसन्स डिटेक्टर शेजारच्या विभागात आहे, पण त्याचा दिवा गेलाय.

आता २२८चे दोघे एकमेकांना चिकटून निघतायत. साधा सी१८ कॉलम आहे. पीएएचसाठीचा खास कॉलम कुणाकडे जुना पडून आहे का? फोंडा-मडगावपर्यंत कुठेही येऊन नेईन.