दोन संवेदकांच्या फरकातून येणारे खोटे ध्रुवण उपग्रहावर कसे ओळखतात?

मांडवीकर, रत्नागिरी:
अकरावीच्या मुलांना ध्रुवण (प्रकाशलहरींचे एकाच दिशेत कंपन होणे) दाखवावे म्हणून गेल्या रविवारी मांडवीच्या जेट्टीवर एक साधा प्रयोग केला. खोक्यात दोन सारखेच प्रकाशसंवेदक बसवले, त्यांच्यापुढे पोलरॉइडचे (एकाच दिशेची कंपने जाऊ देणाऱ्या पटलाचे) तुकडे एकमेकांशी काटकोनात चिकटवले आणि दोन नोंदींतील फरक म्हणजे पाण्यावरच्या चमकेचे ध्रुवण असे धरले. पण खोके ढगाळ उजेडात वाळत टाकलेल्या पांढऱ्या पंच्याकडे वळवले, तरी फरक शून्य होईना. शिवाय तासाभरात एका तुकड्यावर खाऱ्या तुषारांचा थर बसला आणि फरक आणखी वाढला. प्लांक उपग्रहावरही काटकोनातले असेच जोडसंवेदक होते. मग विश्वाच्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमीचे (विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या मंद प्रारणाचे) ध्रुवण मोजताना हा दोष वेगळा कसा काढतात? याच कामासाठी नियोजित लाइटबर्ड उपग्रहावर ध्रुवणाची दिशा वळवणारी फिरती पट्टिका असेल असे वाचले. पण ती पट्टिकाच सदोष असेल तर?

आचरेकर, मालवण:
सर, आपल्या पंच्याने नेमके दुखणे पकडले आहे. पार्श्वभूमीचे तापमान २.७२५ केल्विन, त्यातील चढउतार साधारण १०० मायक्रोकेल्विन, आणि आदिम गुरुत्वलहरींची खूण मानला जाणारा बी-मोड (ध्रुवणाचा पिळदार नमुना) असलाच तर काही दहा नॅनोकेल्विनचा किंवा त्याहूनही क्षीण. जोडीतील संवेदकांच्या संवेदनशीलतेत हजारात एकाचा फरक राहिला, तरी चढउतारांतले १०० नॅनोकेल्विन ध्रुवणाचे सोंग घेऊन नकाशात उतरतात.

जोडी जुळवण्याचे माप मात्र आकाशातच मिळते. पृथ्वीबरोबर उपग्रहही सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने जातो, त्यामुळे पुढच्या दिशेचे आकाश ०.२७ मिलिकेल्विनने उबदार दिसते, आणि हा वेग नेमका ठाऊक असतो; म्हणून दोन्ही संवेदकांनी ही ऊब तेवढीच दाखवायला हवी. तरीही काम संपत नाही, कारण दोन संवेदकांचे वारंवारता-पट्टे किंचित वेगळे असले, तर पार्श्वभूमीवर जुळवलेली जोडी आकाशगंगेच्या धुळीवर जुळत नाही. धुळीचा वर्णपट निराळा. प्लांकच्या उच्च वारंवारतेच्या उपकरणात तर संकेताचे अंकांत रूपांतर करणारे परिपथही पुरते सरळ रेषेत वागत नव्हते. उड्डाण २००९ चे, पण आकाशाच्या मोठ्या पट्ट्यांवरचे त्याचे ध्रुवण विश्वासार्ह व्हायला २०१६ उजाडले.

आपण एक करून पाहा: खोके ९० अंशांतून फिरवून पुन्हा नोंद घ्या. खऱ्या ध्रुवणाचे चिन्ह उलटेल, संवेदकांतला फरक तसाच राहील.

वेळणेश्वरवाले:
पट्टिकेविषयी थोडे. अर्धतरंग पट्टिका एक फेरा घेते तेव्हा खरा संकेत तिच्या फिरण्याच्या चौपट वारंवारतेवर उमटतो, आणि संवेदकाच्या तापमानाचे संथ हेलकावे खालच्या वारंवारतेवरच राहतात. एकाच संवेदकाला दोन्ही दिशा दिसतात, म्हणून जोडीतल्या वजाबाकीवर विसंबावे लागत नाही. पण दोष तिच्यातही असतात: ती स्वतः उष्णता उत्सर्जित करते, तिरप्या किरणांना वेगळे वागवते. यातला बराच भाग दुप्पट वारंवारतेवर येतो आणि गाळता येतो. चौपटीवर सांडणारा अंश मात्र तसा गाळता येत नाही. म्हणूनच ती थंड ठेवायची, घर्षण नको म्हणून चुंबकीय बेअरिंगवर अधांतरी फिरवायची आणि दुर्बिणीच्या तोंडाशीच बसवायची, म्हणजे मागच्या भागांनी पाडलेले खोटे ध्रुवण तिच्याबरोबर फिरत नाही.

मला स्वतःला अधिक धास्ती वाटते ती कोनाची. ध्रुवणाची शून्य रेषा एका अंशाने चुकली, तर ई-मोडच्या (ध्रुवणाच्या बिनपिळाच्या नमुन्याच्या) आयामाचा सुमारे साडेतीन टक्के भाग बी-मोडमध्ये झिरपतो, आणि पट्टिका कितीही फिरवली तरी तो निघत नाही. त्यासाठी ज्ञात दिशेचे ध्रुवण असलेला स्रोत लागतो. खेकडा तेजोमेघ (फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष) त्यातला नेहमीचा. (आपल्याकडच्या कुर्ल्यांना एवढा मान कधी मिळायचा!)

मांडवीकर, रत्नागिरी:
आचरेकर यांच्या सांगण्याप्रमाणे केले. पंच्यावर दोन्ही नोंदी जवळजवळ सारख्याच आल्या, म्हणजे तो फरक संवेदकांचाच होता. पाण्यावर चिन्ह उलटले, पण आकडे जुळेनात, कारण खोके फिरवून पक्के बसवेपर्यंत सूर्य ढगाआड गेला होता. पट्टिका सतत का फिरवतात हे मुलांना तेव्हा न सांगताच कळले. आता बंद पडलेल्या टेबलफॅनची मोटर दुरुस्त करून एकाच संवेदकापुढे पोलरॉइडची चकती फिरवणार आहोत. पोलरॉइड म्हणजे अर्धतरंग पट्टिका नव्हे, म्हणून चमक एका फेऱ्यात चारदा नव्हे, दोनदा वाढायला हवी.