मदत हवी आहे: सगळ्या पानांना हेडर-फूटर आपोआप कसे जोडायचे?

जुनी साइट, साठेक पीएचपी पानं. हेडर, मेनू, फूटर प्रत्येक पानात चिकटवलेले. पानोपानी इन्क्लूड (दुसरी फाइल ओढून घेणारी ओळ) न लिहिता हे जमेल का? अपाचे वेबसर्व्हरच्या सेटिंग-फाइलमध्ये, म्हणजे डॉट-एचटीअ‍ॅक्सेसमध्ये 'पीएचपी_व्हॅल्यू ऑटो_प्रिपेंड_फाइल' (प्रत्येक पानाआधी एक फाइल जोडणारी सेटिंग) टाकलं की ५०० एरर येतो. शेअर्ड होस्टिंग, पीएचपी ८.

प्रतिसाद १
ओळ ठीक आहे, जागा चुकली. ती आज्ञा अपाचेला फक्त मॉड-पीएचपी (अपाचेच्या आतच चालणारं पीएचपी) असेल तरच कळते. तुमच्याकडे एफपीएम किंवा सीजीआय, म्हणजे अपाचेबाहेर वेगळं चालणारं पीएचपी, असणार. ती ओळ काढा आणि साइटच्या मूळ फोल्डरमध्ये डॉट-यूजर-डॉट-आयएनआय नावाची फाइल करून त्यात लिहा:

ऑटो_प्रिपेंड_फाइल = "/होम/खाते/भाग/हेडर.पीएचपी"
ऑटो_अपेंड_फाइल = "/होम/खाते/भाग/फूटर.पीएचपी"

पाथ पूर्णच द्या. फाइल सापडली नाही तर फेटल एरर येऊन सगळी साइट झोपते. ही सेटिंग ३०० सेकंद कॅशमध्ये राहते, त्यामुळे बदल लगेच दिसला नाही तर उगाच खाडाखोड करू नका. आयएनआय_सेटने (पानाच्या कोडमधूनच सेटिंग बदलणारं फंक्शन) हे होत नाही. पानाचा कोड चालू होईपर्यंत हेडर जोडून झालेला असतो.

प्रतिसाद २
खरी गोची पुढे आहे. हेडर आधी छापला जातो, त्यामुळे पानात ठरवलेलं शीर्षक त्याला मिळतच नाही. लॉगिननंतर दुसऱ्या पानावर पाठवणारा कोडही 'हेडर्स ऑलरेडी सेंट' (हे हेडर्स म्हणजे पानाआधी ब्राउझरला जाणाऱ्या सूचना; छपाई सुरू झाली की त्या बदलता येत नाहीत) म्हणून अडतो. त्यातही आउटपुट बफर (छापलेलं पाठवण्याआधी साठवण्याची जागा) ४०९६ बाइटचा असेल तर छोट्या हेडरवर सगळं सुरळीत चालतं, आणि मेनू वाढला की अचानक मोडतं. मग कारण शोधत बसा! ज्या पानात एक्झिट (कोड तिथेच थांबवणारी आज्ञा) आहे, तिथे फूटर येणार नाही.

धागाकर्ता
अजॅक्सला (पान न बदलता मागे डेटा मागवणारा कोड) जेसॉन (त्या कोडने वाचायचा डेटा) देणाऱ्या फाइल्स आहेत, त्यांचं काय?

प्रतिसाद २
त्यांच्यापुढेही हेडरचं एचटीएमएल लागेल आणि जेसॉन वाचता येणार नाही. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये हलवा, तिथल्या डॉट-यूजर-डॉट-आयएनआयमध्ये दोन्ही सेटिंग्जची किंमत 'नन' (काहीच नाही) ठेवा.

माझं मत विचाराल तर प्रिपेंडमधून काहीच छापू नका. त्यात फक्त सेटिंग्ज आणि हेडर_दाखवा(), फूटर_दाखवा() ही फंक्शन्स ठेवा. पानात आधी शीर्षक आणि रिडायरेक्टचा कोड, मग हेडर_दाखवा(शीर्षक), शेवटी फूटर_दाखवा(). चिकटवलेला जुना हेडर तसाही साठही पानांतून काढावा लागणारच आहे, नाहीतर दोनदा दिसेल. एडिटरच्या फाइंड-रिप्लेसने त्याच जागी हे कॉल टाका. फाइल्स सेव्ह करताना यूटीएफ-८ बीओएमशिवाय ठेवा (बीओएम ही फाइलच्या सुरुवातीची न दिसणारी खूण, तीही आधीच छापली जाते).