शब्दचर्चा: 'स्वच्छंदतावाद' हा शब्द कितपत बरोबर?

प्रश्न
भाची टी.वाय.बी.ए.ला आहे, विषय इंग्रजी. तिच्या नोट्समध्ये वाक्य आहे, 'स्वच्छंदतावाद ही प्रबोधनाविरुद्धची प्रतिक्रिया होय.' (स्वच्छंदतावाद म्हणजे रोमँटिसिझम, १८००च्या सुमाराच्या रोमँटिक कवींची चळवळ.) ती म्हणते, मामा, शाळेत तर प्रबोधन चांगलं होतं, मग कवी त्याच्यावर का चिडले? मी गप्प. जाणकारांनी उलगडा करावा.

प्रतिसाद १
घोळ 'प्रबोधन'पासूनच आहे. शाळेच्या इतिहासात आपण प्रबोधन म्हणतो ते रेनेसान्सला. इथे अभिप्रेत आहे ते एन्लाइटनमेंट, म्हणजे न्यूटन, लॉक, व्हॉल्तेअर यांचा, तर्कावर भिस्त ठेवणारा काळ. त्याला 'ज्ञानोदय' म्हटलं की निम्मा गोंधळ मिटतो.

'स्वच्छंदतावाद' मला कधीच पटला नाही. आपल्याकडे स्वच्छंदी म्हणजे कुणाचं न ऐकणारा. शिवाय त्यातला 'छंद' बघून पोरांना वाटतं, हे लोक मुक्तछंदात लिहायचे. या रोमँटिक कवींपैकीच कीट्स, त्याची नाइटिंगेल पक्ष्यावरची कविता घ्या. आठही कडवी दहा-दहा ओळींची, यमकांची जागा ठरलेली!

मूळ शब्दाची गंमत वेगळीच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये 'रोमान्झ' म्हणजे लॅटिनमधलं नव्हे, लोकांच्या बोलीतलं. आपली संस्कृत-प्राकृत जोडी आठवा. त्या बोलीत सरदारांच्या नि जादूटोण्याच्या गोष्टी रचल्या गेल्या, म्हणून पुढे तशा गोष्टीच 'रोमान्स' झाल्या. सतराव्या शतकातल्या इंग्रजीत 'रोमँटिक' म्हणजे गोष्टीतच शोभेल असं, बरेचदा नाक मुरडून म्हटलेलं. वर्ड्‌सवर्थ आणि कोलरिज या रोमँटिक कवींचा 'लिरिकल बॅलड्स' हा संग्रह १७९८चा, पण त्यांनी हे नाव स्वतःला लावलं नव्हतं. ते मागाहून चिकटलं. तरी १८००च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत वर्ड्‌सवर्थ म्हणतो काय, तर कविता माणसांच्या खऱ्या बोलण्यातल्या भाषेत हवी. आधीच्या शतकात माशांना मासे म्हणणंही कवींना कमीपणाचं वाटे, 'परवाली प्रजा' म्हणत. म्हणजे नकळत तो 'रोमँटिक' शब्दाच्या मुळाशी, लोकांच्या बोलीशीच पोचला.

प्रतिसाद २
भाषेचं मान्य, पण विज्ञानाशी भांडण होतंच ना? २८ डिसेंबर १८१७ला चित्रकार हेडनच्या घरी जेवण होतं. वर्ड्‌सवर्थही हजर होता. निबंधकार चार्ल्स लॅम आणि कीट्स यांचं एकमत झालं की न्यूटनने लोलकातून रंग काढून दाखवले आणि इंद्रधनुष्यातली कविता घालवली. मग 'न्यूटनच्या आरोग्यासाठी आणि गणिताच्या नाशासाठी' म्हणत प्याले रिकामे झाले. न्यूटन जाऊन तेव्हा नव्वद वर्षं झाली होती! पुढे 'लॅमिया' या कवितेत, १८२०मध्ये, कीट्सने इंद्रधनुष्य उसवण्याची तक्रार छापलीच.

प्रतिसाद १
किस्सा छान, पण चार पेल्यांनंतरचा. 'लॅमिया'त इंद्रधनुष्य उसवते ती 'फिलॉसॉफी', आणि त्याचं सरसकट 'तत्त्वज्ञान' केलं की ओळ निसटते. तेव्हा फिलॉसॉफीत भौतिकशास्त्रही यायचं. 'सायंटिस्ट' हा शब्द व्ह्यूएल या इंग्रज विद्वानाने घडवला तोच १८३०च्या दशकात. माझ्या मते तिथे 'शास्त्र' चालेल.

आणि 'प्रतिक्रिया'चा अर्थ निव्वळ विरोध असा घेऊ नका. कीट्स स्वतः गायज हॉस्पिटलमध्ये शिकलेला, १८१६मध्ये औषधोपचाराचा परवाना मिळालेला. कोलरिज तर हम्फ्री डेव्हीच्या रसायनशास्त्राच्या व्याख्यानांना जायचा, म्हणे रूपकांचा साठा वाढवायला. भाचीने असं लिहावं: 'ज्ञानोदयाने सगळी भिस्त तर्कावर ठेवली, रोमँटिक कवींनी त्याला हरकत घेतली.' 'रोमँटिक' तसाच ठेवावा. मेणबत्तीतलं जेवण आठवलं तर आठवू दे.

प्रश्नकर्ता
आभार. भाचीला वाचून दाखवलं. तिला पटलं, पण पेपरात 'स्वच्छंदतावाद'च लिहिणार म्हणाली. मॅडमच्या नोट्समध्ये तोच आहे.